बागेची विश्रांती, तिची गोळी

चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही. कुणी काढलं नाही, मीच गेलो नाही. निफाडकडच्या आमच्या मळ्यात वडिलांनी द्राक्षाची पहिली काडी लावली, तेच ते वर्ष. मला वाटलं, आता इथं जे होणार ते शाळेच्या फळ्यावर काही दिसायचं नाही. तेव्हापासून मांडवाखालीच आहे. आता बाग पोरगा बघतो, पण छाटणी कधी करायची आणि फवारणी कधी, हे अजून मीच सांगतो. त्याला ते आवडत नाही, ते मला माहीत आहे.

दुपारी मांडवाखाली बाज टाकून पडलं की ऊन पानांतून गाळून खाली येतं. पांढरा सदरा हिरवा दिसतो, हात हिरवा दिसतो, जवळ ठेवलेल्या तांब्यातलं पाणी हिरवं दिसतं. त्या उजेडात झोप कुठं लागली आणि जाग कुठं आली ते कळत नाही. मला आयुष्यात जे थोडंफार समजलं ते बरंचसं असंच, बाजेवर पडल्या पडल्या समजलं. हेही तिथंच समजलं. पण त्याच्या आधी मी चूक केली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

माझ्या बायकोच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तिनं महिनाभर कुणाला सांगितलं नाही, कारण बागेत काढणी चालू होती. नाशिकला ऑपरेशन झालं, केमोच्या सलाइनी झाल्या, मशीनचे शेक झाले. केस पुन्हा थोडे दाट झाल्यासारखे वाटायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि एक बारीक पांढरी गोळी दाखवली.

त्या म्हणाल्या, "आजी, तुमची गाठ शरीरातल्या बायकी हार्मोनवर वाढणारी होती. गाठ गेली. पण तिची एखादी पेशी कुठं दडून राहिली असेल तर तिला वाढायचा हुकूम मिळायला नको. म्हणून रोज एक. पाच वर्षं. चुकवायची नाही."

हार्मोन म्हटल्यावर मी खुर्चीत ताठ झालो. मणी फुगावेत म्हणून आम्ही घड जीएच्या पाण्यात बुडवतो, ते हार्मोनच की. मी म्हणालो, "बाई, हार्मोनचं मला नका सांगू. माझी हयात गेली घड बुडवण्यात."

त्या हसल्या. मला तेव्हा वाटलं, कौतुकानं हसल्या.

गोळीनं गाठीचं काय झालं ते दिसायला मार्ग नव्हता, पण बायकोचे हाल दिसत होते. बसल्या जागी तिचं अंग आतून पेटायचं. मानेवर घाम, कानाच्या पाळ्या लाल. पदरानं वारा घेत ती उंबऱ्यात बसायची. कधी फ्रिजचं दार उघडून नुसती समोर उभी राहायची. सून म्हणायची, "आई, काय शोधताय?" ती म्हणायची, "थंडी शोधतेय बाई."

असं एक वर्ष गेलं. मार्चमध्ये बागेतला शेवटचा क्रेट गाडीत चढला आणि बाग मोकळी झाली. काढणी झाली की आम्ही बागेला विश्रांती देतो. कात्री लावायची नाही, फवारणी नाही, पाणीसुद्धा जेमतेम. वेलीनं वर्षभर औषधं खाल्लेली असतात, माल दिलेला असतो. पानं पिवळी पडतात, बाग सुस्तावते. त्या दिवसांत बागेतून चाललं तर पायाखालचा पाचोळासुद्धा हळू वाजतो. मला ते दिवस फार आवडतात.

त्या सुस्तीतच माझ्या डोक्यात ते आलं. रात्रीचा घाम पुसून बायको सकाळी चुलीशी बसली होती. मी म्हणालो, "आजपासून तुलाही विश्रांती."

"कशाची?"

"गोळीची. बागेला देतो तशी. महिनाभर. अंगात औषध साठत जातं, मग ते बाहेर निघायला नको?"

"डॉक्टरीणबाई रागावतील."

"डॉक्टरीणबाईंनी कधी बाग लावलीय का?"

ती हसली. "म्हणजे मी तुमची बाग हाय का?"

"नाय तर काय!"

मी गोळ्यांची पेटी उचलली आणि पत्र्याच्या डब्यात, छाटणीच्या कात्र्यांखाली ठेवून दिली. पंधरा-वीस दिवसांत तिचं पेटणं कमी झालं. ती सलग झोपायला लागली. चेहरा उजळला. महिना संपला, एप्रिलची छाटणी झाली, कात्र्या डब्यातून निघाल्या आणि परत डब्यात गेल्या. पेटी तिथंच राहिली. मी रोज तिचा चेहरा बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, कुणाला जमलं नाही ते आपल्याला जमलं.

मे महिन्यात नात पुण्याहून आली. पोराची पोरगी, मला बाबा म्हणते. ती तिकडं एका प्रयोगशाळेत शिकते, छातीच्या गाठीच्या पेशी बाटलीत वाढवून त्यांच्यात काय चालतं ते बघते. आजीचं दुखणं निघालं त्या वर्षी तिनं ही प्रयोगशाळा धरली. का धरली ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. ती आजीकडं बघून म्हणाली, "आजी, तू भारी दिसायला लागलीस गं."

मी वाटच बघत होतो. म्हणालो, "दिसणारच. मी तिला विश्रांती दिली." आणि सगळं सांगितलं. बाग, पिवळी पानं, डब्यातली पेटी, सगळं.

तिचा घास हातातच राहिला. "कधीपासून बाबा?"

"काढणी झाली तेव्हापासून."

"अडीच महिने?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी औषधं मारतोय. कधी द्यायचं आणि कधी थांबायचं ते मला नको शिकवू."

"पोरी, जेव आधी," बायको म्हणाली.

ती जेवली नाही. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसली. मला वाटलं, रडत असेल. रडत नव्हती. वेलींकडं बघत होती.

सकाळी मी फवारणीच्या टाकीत युरासिल कालवत होतो. छाटणीनंतर नव्या फुटी येतात, काडी तयार होते, आणि त्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे मिटलेल्या कोंबांत, पुढच्या हंगामाचे घड धरायचे असतात. त्यासाठी ठरलेल्या दिवसांत युरासिल मारतात. नात उठून तिथं आली. तिनं रिकामी पुडी उचलली, नाव वाचलं आणि बांधावर बसून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"बाबा, हे काय आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"घड धरायचं औषध."

"ऐका तरी. प्रत्येक पेशीत एक लांब धागा असतो. वेलीच्या पण, आजीच्या पण. पान कसं करायचं, कातडी कशी करायची, कधी वाढायचं, सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. धागा आतच राहतो, बाहेर काढत नाहीत. लागेल तेवढ्याची नक्कल काढतात, आणि त्या नकलेवरून काम होतं. त्या नकलेत चार प्रकारचे मणी ओवलेले असतात. त्यातला एक मणी म्हणजे हे तुमचं युरासिल."

काठी माझ्या हातातच थांबली. इतकी वर्षं मी हे पाण्यात कालवत होतो.

"आजीच्या अंगात हे?"

"आजीच्या, तुमच्या, माझ्या, या वेलीच्या."

"मग नक्कल काढतं कोण?"

"प्रोटीन."

"डाळीतलं?"

"डाळीतलं खाऊन शरीर आपलं आपलं बनवतं. हजारो तऱ्हांचं. आणि एकटं प्रोटीन यात काही करू शकत नाही. एकमेकांना धरून करतात. धागा घट्ट गुंडाळलेला असतो ना, तो त्या जागी सैल केल्याशिवाय वाचता येत नाही."

तिनं दोन्ही हातांनी दाखवलं. एका प्रोटीनला खोबण असते. हार्मोन येऊन त्या खोबणीत बसलं की ते प्रोटीन जरा वळतं आणि त्याचा खांदा मोकळा होतो. त्या खांद्याला दुसरं येऊन धरतं, दुसऱ्याला तिसरं. सगळ्यांनी मिळून धागा सैल केला की नक्कल काढणारं येतं. गाठीच्या पेशीत त्या नकलेत लिहिलेलं असतं, वाढ, एकाचे दोन हो, दोनाचे चार हो.

"मांडव उचलतात तसं," मी म्हणालो.

"कसं?"

मी तिला सांगितलं. एका वर्षी गारपिटीत भरला मांडव खाली बसला होता. सगळा गाव उचलायला आला. पहिला गडी तारेखाली खांदा घालतो, त्याच्या खांद्याला खेटून दुसरा, मग तिसरा. पहिल्याचा खांदा बरोबर लागला तर मांडव उठतो. पहिला वाकडा उभा राहिला तर दुसऱ्याला जागाच मिळत नाही, मग पन्नास माणसं नुसती उभी.

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मला चौथीनंतर शाळा सोडल्याचा जरा पश्चात्ताप झाला. "बाबा, अगदी तेच! आजीची गोळी हार्मोनच्या आधी जाऊन त्या खोबणीत बसते आणि पहिल्याचा खांदा फिरवून ठेवते. मग मदतीला येणाऱ्यांना धरायला जागा मिळत नाही. उलट धागा बंद ठेवणारे येऊन चिकटतात. गोळी विष नाही, ती फवारणीसारखी साठवून काढून टाकायची नसते. ती रोज तिथं बसलेली लागते. बंद केली तर आधीची थोडे दिवस पुरते. अडीच महिने नाही पुरत."

"या वयात तुझ्या आजीच्या अंगात कुठलं आलंय हार्मोन?"

"थोडं थोडं बनतच राहतं."

"मग? आली का गाठ परत?"

"मला नाही माहीत, बाबा. कदाचित एकही पेशी उरली नसेल. कदाचित असेल. बाहेरून नाही कळत."

मग तिनं एक काडी हातात धरली आणि तिच्यावरच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "यात घड आहे का आज?"

"आज कोण सांगणार? आत ठरतंय. घड होईल, नाय तर जिरून त्याची बाळी होईल, नुसता वेलीचा ताणा."

"मग या दिवसांत फवारणी चुकवाल?"

"मेलो तरी नाय."

पुडीची घडी घालून तिनं ती खिशात ठेवली आणि घराकडं गेली. मी टाकीपाशी उभा राहिलो. दर वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी मी काड्या तपासायला नेतो. तिथं डोळा पात्यानं कापून दुर्बिणीखाली धरतात. आत मोहरीपेक्षा बारीक घड बसलेला दिसतो, अख्खा, मण्यांसकट. किती वेळा बघितलाय मी तो. बाहेरून काडी नुसती काडी असते. आणि बायकोच्या अंगात ज्या दिवसांत असंच काही ठरत असेल, त्या दिवसांत मी पेटी कात्र्यांखाली घातली होती.

दुपारी बाजेवर पडलो. डोळा लागला की नाही, सांगता येत नाही. हिरवा उजेड दाट होत गेला आणि मी काडीवरच्या एका डोळ्याच्या आत उभा होतो. चहूकडं धागे, तारांवर पसरलेल्या वेलीसारखे, गुंडाळलेले, लांबच लांब. खाली माणसं हिंडत होती. चेहरे नव्हते त्यांना, खांदेच होते. लांबून हळदीच्या वासासारखं काहीतरी तरंगत आलं आणि एकाच्या अंगात शिरलं. तो वळला. दुसऱ्यानं त्याला धरलं. कुणी ओरडलं नाही, कुणी हुकूम दिला नाही. धागा उलगडायला लागला, मऊ आवाज करत, पाचोळ्यावरून कुणी अनवाणी चालल्यासारखा. एक गडी वाकडा उभा होता, पांढरा सदरा घातलेला, सगळ्यांना अडवून. त्याच्याकडं बघून मी म्हणालो, "सरक, विश्रांती घे." आणि तो सरकला. त्याच्या मागून सगळे खांदे एकदम पुढं झाले.

जाग आली तेव्हा तांब्यातलं पाणी कोमट झालं होतं.

मी घरात गेलो, डबा उघडला, कात्र्या बाजूला करून पेटी काढली आणि बायकोपुढं धरली. "घे."

तिनं पेटीकडं बघितलंही नाही. ती शेंगा सोलत होती. "नाय."

"नाय कशी?"

"अडीच महिने माणसात आले मी. परत भट्टीत नाय जायची. तुम्ही म्हणालात थांब, थांबले. आता म्हणता घे. उद्या काय म्हणाल?"

"पोरगी सांगते ते ऐक."

"पोरीनं नव्हती थांबवली. तुम्ही थांबवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी एकदा तरी चुकलं म्हणालात का? विहीर चुकीच्या जागी खणली तेव्हा पण जमीन चुकली म्हणालात."

ते खरं होतं. मी पेटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली आणि बाहेर गेलो.

तीन दिवस पेटी कोनाड्यात राहिली. जाता येता मी तिच्याकडं बघायचो. नात आजीशी काही बोलायची, आजी ऐकायची, आणि मग म्हणायची, "तुझा आजा काय म्हणतो?" एकदा दुपारी नातीनं मोबाइलवर तिच्या बाटलीतल्या पेशी दाखवल्या. काळ्या पाण्यात निळे दिवे सोडल्यासारख्या, आणि प्रत्येक दिव्यात हिरवे ठिपके. ते ठिपके म्हणजे एकमेकांना धरून बसलेली प्रोटीनं.

"कुणाच्या गं ह्या?" बायकोनं विचारलं.

"कुठल्या तरी परदेशी बाईच्या. ती गेली कधीच. पेशी अजून वाढतात."

बायको बराच वेळ त्या दिव्यांकडं बघत राहिली. "तिलाबी कुणी असंल ना गं घरी," ती म्हणाली, आणि मोबाइलला हात जोडले. पेटी मात्र तिथंच.

चौथ्या दिवशी तपासणीची तारीख होती. आम्ही दोघं एसटीनं नाशिकला गेलो. खिडकीतून ऊन आणि बागा, बागा आणि ऊन. ती खिडकीपाशी डुलक्या घेत होती, तिचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकत होतं. पेटी माझ्या बंडीच्या खिशात होती. मी स्वतःशी ठरवत होतो की डॉक्टरीणबाईंपुढं गेल्यावर बोलेन. मग ठरवत होतो की आधी त्यांनी तपासू दे, काही नसेल तर बोलायचं कशाला.

डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेऊन तपासलं, बाहेर येऊन कागदावर लिहायला लागल्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोळी चालू आहे ना आजी, रोज?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. एवढंसंच. मग पदर सारखा करून ती म्हणाली, "हो. रोज."

ती माझ्यासाठी खोटं बोलली. घरात मला ऐकवेल, पण चारचौघांत माझी मान खाली जाऊ द्यायची नाही, हे तिनं सगळ्या संसारात पाळलं. आणि ते पाळता पाळता आता ती स्वतःच जिवानिशी जाणार होती. मला स्वप्नातला तो पांढऱ्या सदऱ्याचा गडी आठवला, मीच सरक म्हणालेला.

"नाय," मी म्हणालो. "बंद हाय. काढणीपासून. मी बंद केली. तिला नाय म्हणायची सोय ठेवली नाय मी. चूक माझी हाय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या, चांगल्या रागावल्या. मी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की अंग पेटण्यावर उपाय करता येतो, पण ते सांगायला यायला हवं होतं. एक दुसरं औषध त्यांनी लिहून दिलं. फोटो काढायला लावले, रक्त घेतलं. रिपोर्टला काही दिवस लागतील म्हणाल्या. गोळी मात्र आजपासूनच.

स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मग तिनं तळहात माझ्यापुढं केला.

"द्या."

"इथं?"

"मग काय, मुहूर्त बघता? डॉक्टरीणबाईपुढं म्हणालात, तिथं मीबी होते. ऐकलं मी."

मी पेटी काढली. चकचकीत कागद फोडताना माझा अंगठा सरकत होता, छाटणीची कात्री हयातभर धरलेला अंगठा. ती हसली, पट्टी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच फोडली. बाटलीतल्या पाण्याचा एक घोट घेतला. मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. गोळी खाली गेली.

"फिरला का खांदा?" तिनं विचारलं. म्हणजे नातीनं तिलाही सगळं सांगितलेलं होतं.

रिपोर्ट आला. आज काही दिसत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या त्या 'आज' शब्दावर मी अडकलो, पण दुसरा शब्द त्या तरी कुठून आणणार? दर तपासणीला आम्ही दोघं जातो. गोळी रोज सकाळच्या चहाबरोबर मी तिच्या हातावर ठेवतो. तिचं अंग अजून कधीमधी पेटतं, मग मी पुठ्ठ्यानं वारा घालतो. ती म्हणते, जोरात घाला, फुकटचा चहा पिता.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या आधी यंदाही काड्या तपासायला नेल्या. ती बरोबर आली, कधी नव्हे ती. तिथल्या पोरानं डोळा कापून दुर्बिणीखाली धरला. मी बघितलं आणि तिला बघायला दिलं. तिनं एक डोळा मिटून दुसरा लावला, वाकून, श्वास धरून.

"दिसला?" मी विचारलं.

"थांबा हो," ती म्हणाली. "बघू द्या की."

आणि ती बघत राहिली.